जाड पॅड घेऊ का महागडी बिब? कच्च्या रस्त्यावर सायकल चालवताना काय घालायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: बेळगावात टिळकवाडीत राहता, दोन महिन्यांपूर्वी ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्याची सायकल, घेतली, ४० एमएमचे टायर आहेत, रविवारी राकसकोप, तुडये करून बेकिनकेऱ्याकडनं परत अशी ५०-६० किलोमीटरची राईड करता. बावीसशेची पॅडवाली शॉर्ट ऑनलाइन मागवली तरी ३० किलोमीटरनंतर बसवत नाही, बरोबरचे म्हणतात दहा हजाराची बिब, म्हणजे खांद्यावरनं पट्टे असलेली सायकलची शॉर्ट, घ्या, सासूबाई म्हणतात एवढं घट्ट घालून गावातनं जाणार कशी, आणि वर पावसाळा तोंडावर आलाय, त्याला जॅकेट कुठलं. तर घ्यायचं काय.

मी वडगावात गेली २४ वर्षं शिवणकाम करते, आधी शाळेचे युनिफॉर्म आणि ब्लाऊज, मग कबड्डीच्या पोरांचे ट्रॅकसूट, आणि सायकल लागली ती ११ वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि मला चालायचा कंटाळा. मग ओळखीचे सायकलवाले उसवलेल्या बिब, जर्सीची सुटलेली चेन, सैल झालेलं इलॅस्टिक घेऊन माझ्याकडे यायला लागले, त्यामुळे हे कपडे मी बाहेरून कमी आणि आतून जास्त बघितलेत. स्वस्तातले, महागातले, बाहेरगावचे, सगळे उलटे करून. म्हणून जे सांगते ते शिलाईवालीच्या बाजूनं सांगते, रेसवाल्यांच्या बाजूनं नाही.

तुम्ही विचारलंय कुठली शॉर्ट, पण त्याच्या आधीचा प्रश्न आहे की दुखतंय नेमकं कुठं. हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्याच्यावर आहे. जांघेच्या वळीत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला चरचरतंय, घरी येऊन अंघोळीचं पाणी पडलं की आग होते, तर ते कपड्याचं काम, शिलाई नाहीतर ओल. बसायची जी दोन हाडं असतात ती दोन्हीकडं सारखी ठणकतायत तर बहुतेक ते सवयीचं आहे, दोन महिने म्हणजे काहीच नाही, नाहीतर सीटची रुंदी तुमच्या हाडांना जुळत नाही. एकाच बाजूला दुखतंय तर बहुतेक सीट उंच झालेली असते, पाय पोचवायला कंबर डावी-उजवीकडं हलते. आणि पुढच्या बाजूला बधिर होतंय, मुंग्या येतात, तर ते जगातल्या कुठल्याच कपड्यानं जाणार नाही, सीटचं नाक वर उचललेलं असेल किंवा हँडल लांब पडत असेल, ते आधी नीट करून घ्या, बधिरपणा अंगावर काढायचा नसतो. आणखी एक, टायरमध्ये हवा किती भरता? आमच्या ओळखीतला एकजण ४० एमएमच्या टायरात ६० पीएसआय भरून मुरमाड रस्त्यावर जात होता आणि शॉर्टला शिव्या घालत होता. तुमच्या-माझ्यासारख्या वजनाला ३०-३५ च्या आसपास पुरतंय, ट्यूब आहे की ट्यूबलेस त्यावर थोडं कमीजास्त. हवा काढायला पैसे लागत नाहीत, आधी ते करा.

आता धरून चालू की तुमचं पहिलं दुखणं आहे, चरचरायचं, कारण ३० किलोमीटर म्हणजे आपल्या या चढ-उताराच्या रस्त्यावर दोन तास, आणि दोन तासांनी घाम आणि घासणं दोन्ही जोरात आलेलं असतं.

जाड पॅड म्हणजे आराम, हा जो समज आहे ना त्यानं लोकांचे सगळ्यात जास्त पैसे घालवलेत. जाड मऊ पॅडवर पहिले पाच किलोमीटर गादीवर बसल्यासारखं वाटतं, मग हाडं त्यात रुततात आणि बाजूचं फोम वर येऊन नको त्या मऊ जागी दाबतं. शिवाय जाड फोम घाम धरून ठेवतं, वाळत नाही. पॅड पातळ चालेल पण दाट पाहिजे. दुकानात बघायची सोपी रीत म्हणजे हाडांखाली येणारा भाग चिमटीत धरून दाबा, बोटं एकमेकांना सहज लागली तर ते पॅड तासाभरात पापड होणार. आणि पॅड सगळीकडं एकाच जाडीचं असू नये, हाडांखाली दाट, कडेला पातळ होत होत संपलेलं पाहिजे, कड जाणवली तर तीच कड कापते. बायकांचं पॅड वेगळं असतं, मागं रुंद आणि पुढं आखूड, कारण आपली बसायची हाडं जरा लांब असतात, तेव्हा युनिसेक्स लिहिलेलं असेल तर ते पुरुषांचं समजा आणि सोडून द्या.

कच्च्या रस्त्यावर आणखी एक भानगड असते जी डांबरी रस्त्यावर नसते. आपण सारखे उठतो-बसतो. खड्डा आला उठा, चर आली उठा, पाणंदीत बैलगाडीची चाकोरी आली उठा. तर उठल्यावर पॅड अंगाबरोबर वर आलं पाहिजे. ते खाली लोंबत राहिलं आणि परत बसताना नुसतं वळून दाबलं गेलं तर दर वेळी एक घासा, तुडयेपर्यंत असे पाचशे घासे. म्हणून शॉर्ट सरळ उभं राहून बघू नका, सायकलवर वाकतो तसं वाका, मग उभ्या राहा, परत वाका. उभं असताना जरा आखडल्यासारखं वाटलं तर चालतं, वाकल्यावर सुख पाहिजे. साईझ एस-एम-एल बघून घेऊ नका, टेप लावून नितंब आणि मांडी मोजा आणि चार्टशी जुळवा. आपल्याकडच्या बायका सैल घेतात, एक साईझ मोठी, संकोच म्हणून, आणि तिथंच फसतात.

शिलाई हा माझा विषय, इथं जरा लांबतं. शॉर्ट उलटी करा. ओव्हरलॉकची टीप असेल तर शिवणीला उभी कड असते, बोटाला लागते. फ्लॅटलॉक असेल तर दोन कापडं एकमेकांना सपाट भिडलेली असतात, त्याला चार सुयांची सहा धाग्यांची मशीन लागते, माझ्याकडे नाही, म्हणून मी सायकलच्या शॉर्ट नवीन शिवून देत नाही, फक्त दुरुस्त करते. आता आसनाखाली बघा. साध्या शॉर्टमध्ये चार शिवणी येऊन तिथं चौक होतो, आणि तो चौक बरोबर आपण बसतो तिथं. पायजम्याला कळी का घालायचे? आसनात चौक येऊ नये आणि पाय मोकळा फाकावा म्हणून. चांगल्या सायकल शॉर्टमध्ये हेच केलेलं असतं, एक अखंड तुकडा सीटखालून मागं जातो, शिवणी बाजूला सरकवलेल्या असतात. मग पॅड ज्या टीपेनं जोडलंय ती बघा, ती पॅडच्या कडेवर आहे की मांडीच्या घडीत येते. हजारातली शॉर्टसुद्धा इथं पास होते कधी कधी आणि आठ हजाराची नापास होते, दोन्ही मी बघितलंय.

कापड बघायचं तर काळी शॉर्ट हाताच्या मुठीवर ताणा. मुठीची हाडं पांढुरकी दिसायला लागली तर कापड पातळ, सहा महिन्यात मागं आरपार दिसणार, आणि ते तुम्हाला दिसत नाही, मागच्याला दिसतं. नायलॉन-इलास्टेन (इलास्टेन म्हणजे ताणणारा धागा) पॉलिएस्टरपेक्षा घासायला टिकतं, मुरमावर एकदा तरी पडणारच आपण, म्हणून कच्च्या रस्त्याला मी नायलॉन सांगते. मांडीचा पट्टा रुंद घ्या, बारीक सिलिकॉनचा पट्टा एप्रिलमध्ये पुरळ आणतो.

आणि आत चड्डी घालायची नाही. हे कोणी तोंडानं सांगत नाही म्हणून मी सांगते. मला पण कोणी सांगितलं नव्हतं. पहिली मोठी राईड जांबोटीची केली तेव्हा पॅडच्या शॉर्टखाली कॉटनची निकर घातली, कारण न घालता घराबाहेर पडायची लाज वाटली. जाताना काही नाही. जांबोटीत चहा-मिसळ झाली, ओल्या कपड्यात अर्धा तास बसले, आणि परतीला किणये येईपर्यंत दोन्ही जांघेत सोललेलं होतं. आठ दिवस शिलाई मशीनवर स्टुलाच्या कडेवर बसून कामं केली, गिऱ्हाइकं विचारायची कंबर धरली काय म्हणून. ते पॅड थेट अंगाला लागावं म्हणूनच केलेलं असतं. पूर्वी ते खऱ्या कातड्याचं असायचं, शॅमी नावाच्या डोंगरी जनावराचं, धुतलं की वाळून कडक व्हायचं म्हणून त्याला क्रीम लावायचे, तिथनं ही शॅमी क्रीम आली. आता पॅड कृत्रिम आहे, क्रीम पॅडसाठी नाही, आपल्या कातडीसाठी. ४० किलोमीटरच्या आत मी लावतच नाही. पुढं लावते, बोटभर, फक्त जांघेच्या वळीत. पेट्रोलियम जेली लावू नका, पॅडमधनं निघत नाही आणि पॅड कोंदतं. कोकम तेल टाचेला सोनं आहे पण पॅडवर डाग पडतो आणि वास बसतो.

बायकांचं म्हणून दोन गोष्टी, स्पष्ट लिहिते, कुणाला खटकलं तर पुढचा परिच्छेद वाचा. मोठ्या राईडच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग, शेव्हिंग करू नका, ताजी कातडी आणि घाम म्हणजे फोड ठरलेला. पाळीत सायकलच्या पॅडवर सॅनिटरी पॅड लावलं तर ते गोळा होतं आणि त्याच्या कडा कापतात, जमत असेल तर कप, नाही जमत तर त्या दिवशी छोटी राईड. आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी ती शॉर्ट काढा, चहा नंतर. ओल्या पॅडमध्ये बसून गप्पा मारल्यानंच फोड येतात आणि खाज धरते. फोड आला तर फोडायचा नाही, दोन-तीन दिवस सायकल बंद, आणि गाठ मोठी झाली किंवा ताप आला तर डॉक्टर.

बिब का शॉर्ट, हे खरंच ज्याच्या-त्याच्यावर आहे. बिबमध्ये पोटावर इलॅस्टिक रुतत नाही आणि पॅड जागेवरनं हलत नाही, कच्च्या रस्त्याला हे दोन्ही मोठे फायदे. पण लघवीला थांबायचं तर जर्सी काढा, पट्टे उतरवा, आणि हे सगळं उसाच्या आडोशाला. मागनं उघडणाऱ्या किंवा मानेमागं हूक असलेल्या बायकांच्या बिब मिळतात, पण हूक पाठीत टोचत नाही ना ते सॅक लावून बघा. मी स्वतः ६० किलोमीटरच्या आत रुंद नेफ्याची शॉर्ट घालते, चार बोटं रुंद, नाडीवाली नको, आणि त्याच्या वर गेलं की बिब. तुमच्या आत्ताच्या राईडला बिबची गरज आहे असं मला वाटत नाही.

सासूबाईंचं काय करायचं? त्यांचं चूक नाही. मला पण सुरुवातीला बेकिनकेऱ्याच्या बसस्टॉपवर थांबायला नको वाटायचं. आता अनुभव असा आहे की गावातली माणसं पहिल्यांदा बघतात, दुसऱ्यांदा हसतात, तिसऱ्यांदा पाणी पाहिजे काय म्हणून विचारतात. तरी मी वरनं एक सैल शॉर्ट घालते, लाजेसाठी कमी, खिशासाठी आणि मुरमासाठी जास्त, पडलं तर आधी ती फाटते. वरच्या शॉर्टला आत शिवणीचा चौक नको, कापड ताणणारं पाहिजे, लांबी गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, आणि आसन खोल नको, नाहीतर उठून परत बसताना सीटच्या नाकात अडकून माणूस पडतो. पडलेय मी. घरातली जुनी ट्रेकिंगची पँट असेल तर गुडघ्यावर कापून दुमडून घ्या, नवीन घ्यायला नको. घरात शांतता राहते आणि आतली शॉर्ट घट्टच्या घट्ट.

वरच्या अंगाचं सोपं आहे. कॉटनचा टीशर्ट ४० मिनिटांच्या राईडला उत्तम, मी त्याच्या विरोधात नाही, आपण कापसाच्या मुलखातली माणसं, बैलहोंगल-सौंदत्तीकडं काळ्या रानात कापूसच असतो. पण कापूस पाणी पितो. साध्या हवेत, म्हणजे २० डिग्री आणि ६५ टक्के दमटपणात, कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल स्वतःत धरतो, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर ०.४ टक्के. म्हणून पॉलिएस्टरची जर्सी घाम पित नाही, पसरवते आणि वारा लागला की वाळते. मग लोकर सगळ्यात जास्त पिते तरी लोक मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची बारीक लोकर, का घालतात? कारण ती ओल धाग्याच्या आत ठेवते, अंगाला ओली लागत नाही आणि वास येत नाही. पॉलिएस्टरला वास येतो, आणि एकदा बसला की जात नाही. पण मेरिनो महाग, कसर लागते, आणि आपल्याकडं तिचे दिवस नोव्हेंबर ते जानेवारी एवढेच. मी एकच घेतलीय, पातळ, १५० जीएसएमची (चौरस मीटरला १५० ग्रॅम), थंडीत आत घालते. ब्राबद्दल एवढंच, कॉटनची नको, खालचा पट्टा रुंद आणि त्याची शिवण बाहेरच्या बाजूला.

लांब बाह्या का आखूड? आपल्या भागात लांब. उन्हासाठी तर आहेच, पण उसाच्या पाणंदीतनं जाताना तो पाला हाताला असा चरचर कापतो आणि त्यावर घाम आला की खाज. पातळ आर्म स्लीव्ह शंभर-दीडशेला मिळतात, त्या घाला, चढाला खाली सरकवा. रंग काळा नको, निदान वर तरी नको. खानापूरच्या जंगलातल्या सावलीत काळ्या कपड्यातला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही, आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा धुरळा असतो तो वेगळाच. पांढरा पण नको, कारण पुढं सांगते.

इथनं पुढचं आपल्या मातीचं आहे, बाहेरच्या व्हिडिओत मिळत नाही. बेळगावच्या पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा, पूर्वेला काळी. तांबड्या मातीचा डाग कपड्यातनं जात नाही, म्हणून पांढरा नको, मोजे तर तांबडेच घ्या, प्रश्न मिटला. काळी माती डाग कमी सोडते पण पाऊस पडला की चिकटते, टायरला, बुटाला, ब्रेकला, आणि सायकल खांद्यावर घेऊन चालायला लागतं. अमेरिकेत कॅन्ससमध्ये अनबाउंड म्हणून ३२० किलोमीटरची प्रसिद्ध ग्रॅव्हल रेस होते, तिथं २०२३ साली सुरुवातीलाच असा चिखल लागला की सगळे सायकली उचलून चालत होते, ते बघून मला सांबऱ्याकडचं रान आठवलं. तिथं जायचं तर कपड्यापेक्षा बूट महत्त्वाचे. खालचा बूट चालता येईल असा पाहिजे, तळव्याला खाचा, आणि तळवा कडक, मधनं हातानं वाकवला तर वाकू नये. क्लीट, म्हणजे बूट पेडलला अडकवायची पट्टी, लावायची असेल तर दोन बोल्टची, एसपीडी नावाची, ती तळव्याच्या आत बसते, चालताना खडखडत नाही. साध्या पेडलवर असाल तर घाई नको, साधे कडक बूट पण चालतात, नाडीचं टोक आत खोचा. अर्धा नंबर मोठा घ्या, उन्हात पाय सुजतात.

आणि कुसळं! दिवाळीनंतर गवत वाळलं की राजहंसगडाच्या उतारावर किंवा वैजनाथाकडं एकदा जाऊन या, मोज्यात कुसळं अशी घुसतात की मोजा टाकून द्यावा लागतो. जाळीदार, फुगीर विणीचा मोजा घेऊ नका, गुळगुळीत घट्ट विणीचा, घोट्याच्या वर पोटरीच्या निम्म्यापर्यंत येणारा घ्या. पावसाळ्यात कणकुंबीकडं जळवा असतात, तिथं पण तोच उंच मोजा कामाला येतो.

पावसाचं. तुम्ही विचारलंय कुठलं जॅकेट घेऊ. माझं मत, जूनमध्ये नवीन जॅकेट घेऊ नका. रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो तसा आतला घाम पण अडवतो, आणि आपल्या दमट हवेत चढाला वीस मिनिटांत आतनं भिजता. हवा खेळणारी जॅकेटं असतात, पण ती खेळती हवा बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा खेळते, जुलैत बाहेर पण तेवढीच दमट, घाम जाणार कुठं? म्हणून इथं भिजायचं हे ठरवूनच निघायचं आणि प्रश्न बदलायचा: भिजल्यावर गार पडू नये. त्याला बिनबाह्यांचं पातळ वाऱ्याचं जॅकेट पुरतं, छातीवर वारा अडला की निम्मं काम झालं. ते घडी करून खिशात राहतं, चढाला काढायचं, उताराला घालायचं. हा क्रम लक्षात ठेवा, माथ्यावर पोचल्यावर गार वाटायच्या आधी घालायचं, वाजायला लागल्यावर नाही. एकदा चोर्ल्याच्या बाजूला मी विसरले होते, टपरीवाल्याकडनं कालचा पेपर मागून घेतला आणि जर्सीच्या आत छातीवर घातला. हसू नका, जुने रेसर घाट उतरताना हेच करायचे. वळवाच्या पावसाला पण हेच जॅकेट, फक्त विजा असतील तर थांबायचं, झाडाखाली नाही.

मुरमाचा ओला कण ही पावसातली खरी अडचण. मागच्या चाकानं तांबडं पाणी उडतं ते थेट पॅडवर, त्यात बारीक वाळू असते, आणि ओलं पॅड अधिक वाळू म्हणजे सॅंडपेपर. दहा हजाराची बिब पण इथं हरते. सीटखाली लावायचा प्लास्टिकचा छोटा मडगार्ड दोनशे-तीनशेला मिळतो, पावसाळ्यात तुमचा पहिला खर्च तो करा.

थंडीचं फार नाही. डिसेंबरात सहाला निघालं की बोटं गारठतात, आठला उन्हात स्वेटर नको होतो. म्हणून काढता-घालता येईल असंच घाला, जाड एक नको, पातळ दोन घ्या. निघताना पाच मिनिटं गार वाटलं पाहिजे, निघतानाच ऊब वाटली तर चढाला पस्तावणार.

हातमोजे लोक शेवटी घेतात, मी दुसऱ्या नंबरला सांगते. खडबडीत रस्त्यावर हादरे तळहातात जातात, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं कारण तिथं जाणारी नस तळहाताच्या कडेला हँडलवर दाबली जाते. जेलचा ठिपका बरोबर त्या कडेला पाहिजे, मधोमध नको, आणि जेल जाड नको, जाड असलं की मूठ आवळून धरावी लागते. अंगठ्याच्या बेचक्यात शिवण आहे का बघा, असेल तर फोड. पूर्ण बोटांचे घ्या, जांभ्यावर हात टेकला तर कातडी राहत नाही.

आतापर्यंतचं पैशात सांगायचं तर: हवा कमी करा, फुकट. सीट बघून घ्या. मडगार्ड. मग हातमोजे. मग दोन मध्यम किमतीच्या शॉर्ट, एक महाग नको, कारण पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरी लागते आणि अर्धवट ओलं पॅड घालण्याइतकं वाईट काही नाही. महाग बिब वाईट असते असं नाही, शंभरच्या वर किलोमीटर नेहमी करायला लागलात तर फरक कळतो, कापड अंगाला बसतं, पॅड चौथ्या-पाचव्या तासाला पण जागेवर असतं. पण तो फरक तुमच्या अंगाला सीट जुळल्यावर कळतो, आधी नाही.

धुण्याचं तेवढं सांगते कारण माझ्याकडे येणारे निम्मे कपडे वापरून नाही, धुऊन खराब झालेले असतात. घरी आलं की लगेच साध्या पाण्यात खंगाळा, तांबडी माती वाळू देऊ नका. उलटी करून, गार पाण्यात, साबण थोडा. कपडे मऊ करायचं जे पाणी मिळतं ते अजिबात नको, त्यानं कापडाची घाम पसरवायची ताकद जाते. ब्लीच नको, ब्रश नको, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. सावलीत, पॅड बाहेरच्या बाजूला करून वाळवा, जुलैत पंख्याखाली. कडक उन्हात टाकलं की इलॅस्टिक मरतं. आणि दोरीवर पॅड बाहेर करून टाकायला लाज वाटते म्हणून आत घडी करून वाळवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, माझी बहीण त्यातलीच, आणि मग तिला दर महिन्याला खाज. गच्चीवर मागच्या दोरीला टाका, वरनं ओढणी टाकायची तर टाका, पण वारा लागू द्या.

तर आत्ता लगेच काही मागवू नका. ती बावीसशेची शॉर्ट उलटी करून खिडकीच्या उजेडात धरा आणि जिथं चरचरतंय तिथं कुठली शिवण येते ते बोटानं बघा. उभी कड लागली तर ती माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, कापून, सपाट दाबून, वरनं झिगझॅग मारून घेता येते, कुठलाही चांगला टेलर अर्ध्या तासात करून देईल, फक्त धागा ताणणारा वापरायला सांगा, साधा धागा वाकलं की तुटतो. शिवण तिथं येतच नसेल तर काय दुखतंय, कुठं दुखतंय आणि किती किलोमीटरला सुरू होतंय एवढं परत लिहा, मग शॉर्ट सोडून सीटकडं बघू.